तालुक्याचा प्रश्न, पदव्युत्तर प्रबंध

महाराष्ट्रात एमडी किंवा एमएस होणाऱ्या डॉक्टरला अंतिम परीक्षेला बसण्याआधी एक प्रबंध लिहून द्यावा लागतो. रेसिडेंटांच्या भाषेत हा 'थिसिस', मार्गदर्शक प्राध्यापक म्हणजे 'गाईड' आणि सुरुवातीचा आराखडा म्हणजे 'सिनॉप्सिस'. अभिमत विद्यापीठे आणि केंद्राच्या संस्था सोडल्या, तर राज्यातली ही सारी व्यवस्था १९९८ साली स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ सांभाळते. वैद्यकशास्त्राबरोबर दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी अशा शाखांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधही याच विद्यापीठाकडे येतात. दरवर्षी हजारो तरुण डॉक्टरांना प्रश्न मांडायला, मोजमाप करायला आणि निष्कर्ष काढायला लावणारी आरोग्य संशोधनाची एवढी मोठी शाळा राज्यात दुसरी नाही. विद्यापीठापासून सुमारे ९० किलोमीटरवर बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण सटाणा आहे. पण या शाळेतले बहुतेक प्रश्न शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जन्मतात आणि तिथेच संपतात. सटाण्यासारख्या तालुक्यापर्यंत ते पोचत नाहीत, तोवर हे शिक्षण अपुरे आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रबंधाची रचना मुळात भक्कम आहे. प्रवेशानंतर काही महिन्यांत विद्यार्थी गाईडबरोबर विषय ठरवतो आणि सिनॉप्सिस लिहितो. संस्थेची एथिक्स कमिटी ती तपासते. किती रुग्ण घ्यायचे, कोणाला घ्यायचे, कोणाला वगळायचे, संमती कशी घ्यायची हे आधीच लिहून द्यावे लागते. उपचारांची चाचणी असेल तर २००७ पासून चालू असलेल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात तिची नोंद होते, म्हणजे निकाल पाहून उद्दिष्ट बदलण्याची वाट बंद होते. मग रुग्णांची नोंद, आकडेवारीचे विश्लेषण, लेखन आणि परीक्षेच्या किमान सहा महिने आधी सादरीकरण. २०१९ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधन पद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बंधनकारक झाला. नियम आणि अभ्यासक्रम यांची कमतरता नाही. अडचण पहिल्याच पायरीवर, विषयाच्या निवडीत आहे. तीन वर्षे, रात्रपाळ्या, परीक्षेचे दडपण आणि तोंडावर आलेली सिनॉप्सिसची तारीख अशा ओढाताणीत रेसिडेंट आपल्याच वॉर्डात नक्की मिळतील असे रुग्ण आणि आपल्याच प्रयोगशाळेत होईल अशी तपासणी निवडतो. त्याला दोष देता येत नाही, कारण व्यवस्थेने त्याच्यापुढे तेवढाच मार्ग ठेवलेला असतो.

या सोयीची किंमत मात्र शास्त्राला मोजावी लागते. सर्पदंशाचा रुग्ण घ्या. बागलाणच्या पश्चिमेला, साल्हेर-मुल्हेरच्या बाजूच्या आदिवासी पाड्यावर रात्री दंश झाला, तर माणूस आधी कोणाकडे जातो, गाडी केव्हा मिळते, प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविष असते का, सटाण्याला किती वाजता पोचतो, तिथून मालेगावला किंवा नाशिकच्या सिव्हिलला हलवावे लागते का, या साखळीवर त्याचे जगणे ठरते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारे प्रतिसर्पविष देशात तयार होते. मुंबईची हाफकिन संस्थाही ते बनवत आली आहे. म्हणजे औषध आहे, प्रश्न वेळेचा आहे. आता शहरातल्या महाविद्यालयात बसून कोणी सर्पदंशावर प्रबंध लिहिला, तर त्याच्या तक्त्यात फक्त तिथवर पोचलेले रुग्ण असतील. जो वाटेत गेला तो त्यात नाही आणि जो गावातच बरा झाला तोही नाही. अशा प्रबंधातला मृत्यूचा आकडा चोख मोजलेला असला, तरी तालुक्याबद्दल तो चुकीचे चित्र देतो. निवडीतून शिरणारा हा दोष वर्गात एका तासात शिकवता येतो. तालुक्याच्या रुग्णालयात तीन महिने रजिस्टर तपासणाऱ्या रेसिडेंटला तो आयुष्यभर विसरता येत नाही.

प्रशिक्षित संशोधक रुग्णालयाबाहेर गेला की काय सापडते, याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. अभय आणि राणी बंग यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि ते गडचिरोलीत आणले. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा जननेंद्रियांचे आजार आढळले. त्यांच्यातल्या फक्त ८ टक्के स्त्रियांची त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती. कोणत्याही ओपीडीच्या केसपेपरांवरून हे कळणे शक्य नव्हते. पुढे १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांच्या मृत्यूंचे प्रमाण दर हजार जन्मांमागे ६२ वरून साधारण २५ वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते जवळपास तसेच राहिले. तुलनेची गावे आधीच ठरवली होती, म्हणूनच जगाने हा निष्कर्ष मानला. आज आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी भेटी देतात, त्यामागे हा पुरावा आहे.

दुसरे उदाहरण हिंमतराव बावस्करांचे. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात विंचूदंशाने माणसे दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, घाम आणि फुप्फुसातले पाणी यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. त्यातून प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध वापरण्याचा मार्ग निघाला. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांची महाडमधली चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ७० रुग्ण होते आणि कोणाला कोणता उपचार मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलेले होते. नुसते प्राझोसिन घेतलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के रुग्ण दहा तासांत पूर्ण सावरले, तर प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष मिळालेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के. ही चाचणी तालुक्याच्या गावी झाली, कारण विंचूदंशाचा रुग्ण तिथेच होता आणि त्याच्याजवळ शोधाची शिस्त असलेला डॉक्टर होता.

सटाण्यात असे प्रश्न थोडे नाहीत. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात कांदा, डाळिंब आणि द्राक्षे ही मुख्य पिके. बागलाणचे अर्ली द्राक्ष परदेशी जाते. डाळिंबावर तेल्या रोग पडला की फवारण्या वाढतात. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या बागेची नोंद अपेडाच्या ग्रेपनेटवर होते आणि माल निघण्याआधी त्यातले कीटकनाशकांचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात. तीच फवारणी करणाऱ्या मजुराच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची पातळी हंगामाआधी किती होती आणि हंगामानंतर किती, याची तशी नोंद ठेवण्याची व्यवस्था नाही. तपासणी अवघड नाही आणि प्रश्न स्पष्ट आहे. औषधवैद्यकाच्या किंवा सामाजिक वैद्यकाच्या विद्यार्थ्याला याहून नेटका विषय कोणता मिळेल? पश्चिमेकडच्या आदिवासी भागात सिकलसेलची तपासणी होते. पण निदान झालेली मुले वर्षभर हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतात का आणि घेत नसतील तर कुठल्या पायरीवर थांबतात, हे पाहायला कोणी तरी पाड्यापर्यंत गेले पाहिजे.

हे घडवण्याचा दरवाजा अर्धा उघडला आहे. जिल्हा निवासी कार्यक्रमानुसार २०२१ पासून प्रवेश घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचे आहे. सुरुवातीला त्यासाठी १०० खाटांची अट होती, २०२३ च्या नियमांनी ती ५० वर आणली. पण महाराष्ट्रातले ग्रामीण रुग्णालय साधारणतः ३० खाटांचे असते, म्हणून बरेच तालुके अजूनही कक्षेबाहेर राहतात. शिवाय या तीन महिन्यांत रेसिडेंट सेवा देतो, संशोधन करत नाही. त्याच्या प्रबंधाचा विषय केव्हाच ठरून गेलेला असतो. हा क्रम उलटा करावा. विद्यार्थ्याने आधी तालुक्यात राहावे, प्रश्न तिथे शोधावा आणि मग सिनॉप्सिस लिहावी.

पहिला आक्षेप संख्येचा येईल आणि तो रास्त आहे. दंशानंतर किती रुग्णांना ठरलेल्या वेळेत प्रतिसर्पविष मिळाले, हे प्रमाण दहा टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेने सांगायचे, तर नेहमीच्या सूत्राने सुमारे ९६ रुग्ण लागतात. एका रुग्णालयात तीन महिन्यांत तेवढे मिळतीलच असे नाही. पण प्रत्येक प्रबंध वेगळा आणि एकट्याचा असावा, या सवयीमुळेच ही अडचण उभी राहते. सटाणा, कळवण, देवळा आणि मालेगाव या चार ठिकाणी एकच प्रश्न, एकच फॉर्म आणि एकापाठोपाठ येणारे रेसिडेंट ठेवले, तर दोन वर्षांत भक्कम नोंदी जमतील. प्रत्येकाने त्यातल्या एका भागाचे विश्लेषण स्वतः करावे आणि त्याचा जबाब स्वतः द्यावा. गाईड नाशिकचा, धुळ्याचा असला तरी चालेल. त्याने महिन्यातून एकदा जाऊन नोंदी पडताळल्या, की प्रयोगशाळेची उणीवही बरीच भरून निघते, कारण या प्रश्नांना महागडी यंत्रे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरीब आणि आदिवासी माणसे शिकाऊ डॉक्टरांच्या हातातली प्रयोगाची साधने तर होणार नाहीत ना? २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात तेव्हाच्या आंध्रातल्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डनांनी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. हा इतिहास विसरून तालुक्यात पाऊल टाकणे अनैतिक ठरेल. म्हणून सुरुवात नव्या औषधांच्या चाचण्यांनी न करता, मिळणारे उपचार रुग्णापर्यंत कसे पोचतात याच्या निरीक्षणाने व्हावी. एथिक्स कमिटीत एक सामान्य नागरिक असणे २०१९ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. अशा अभ्यासांसाठी ती व्यक्ती त्याच तालुक्यातली असावी आणि संमतीपत्र अहिराणी किंवा आदिवासींची कोकणा बोली बोलणाऱ्याला समजेल असे वाचून दाखवावे. निष्कर्षही आधी त्याच गावाला सांगितले जावेत. संमती ही सही नसून संवाद आहे, हे रेसिडेंटला शिकवायला याहून चांगली जागा नाही.

तिसरा आक्षेप डॉक्टरांच्या तोंडी नेहमी असतो. सगळ्यांना संशोधक व्हायचे नसते, मग हे ओझे कशाला? खरे आहे, बहुतेकांना रुग्ण तपासायचे आहेत. पण पुढची तीस-चाळीस वर्षे त्यांच्यासमोर नवी औषधे, नवे दावे आणि कंपन्यांचे प्रतिनिधी येत राहतील. विंचूदंशाच्या चाचणीतल्या ९१ टक्के आणि २३ टक्के यांतला फरक कसा मोजला, कोण वगळले गेले, तुलना कोणाशी केली, हे विचारता न येणारा डॉक्टर त्या दाव्यांपुढे उघडा पडतो आणि किंमत रुग्ण भरतो. ही सवय एकदा तरी स्वतः खरा अभ्यास केल्याशिवाय अंगी बाणत नाही. सोयीसाठी निवडलेल्या विषयावरचा प्रबंध ती देत नाही, म्हणून तो ओझे वाटतो. ज्याचे उत्तर विद्यार्थ्यालाही हवे आहे आणि गावालाही, अशा प्रश्नावरचा प्रबंध ती देतो.

विद्यापीठ नाशिकला आहे, प्रश्न त्याच जिल्ह्यात आहेत, नियमांची चौकट बरीचशी तयार आहे. पुढचे पाऊल छोटे आणि करण्यासारखे आहे. पुढच्या तुकडीतल्या काही विद्यार्थ्यांची सिनॉप्सिस बागलाणमधल्या कामानंतर स्वीकारावी, ३० खाटांच्या रुग्णालयांना या प्रशिक्षणात जागा द्यावी आणि पाच वर्षांनी त्या प्रबंधांतून तालुक्यात काय बदलले याचा हिशेब मांडावा. राज्याच्या पैशावर शिकणाऱ्या डॉक्टरकडून एवढी अपेक्षा ठेवण्याचा बागलाणच्या माणसाला पुरेपूर हक्क आहे.