जुन्या झाडांवरील गाठी आणि डाग

शाळेच्या आवारातील आंबा आणि कुंपणाची जास्वंद आता म्हातारी झाली आहेत. पावसाळ्यानंतर त्यांच्यावर डाग, गाठी व पांढरा कापूस दिसू लागला आणि "झाडे रोगट आहेत, काढून टाकावी" अशी सूचना पालक सभेत आली. विश्वस्त मंडळाने निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येक लक्षण वेगळे पाहणे जरुरीचे आहे.

आंब्याच्या सालीवरील राखाडी-हिरवट पापुद्रे हा रोग नव्हे. ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. गोड्या मसाल्यातले दगडफूल त्याचाच एक प्रकार! शैवाक सालीवर नुसते बसते, झाडाचा रस पीत नाही. म्हणून ते खरवडू नये.

खरा शत्रू वरच्या फांदीवर आहे. जाड, चामड्यासारख्या पानांचा जो वेगळा झुबका दिसतो ते बांडगूळ. आपल्या माळव्यात माळी त्याला बांदा म्हणतात. ते पानांत स्वतःचे अन्न तयार करते, पण पाणी व क्षार आंब्याकडून घेते. त्याच्या फळाचा गर चिकट असतो. फुलटोचा हा इवलासा पक्षी ते फळ खातो, बी फांदीला चिकटते, रुजते आणि लाकडात शोषक मुळे घुसवते. तिथेच गाठ येते. विद्यार्थ्यांनी खालून निरीक्षण करावे : गाठीच्या पुढचा फांदीचा शेंडा बहुधा वाळलेला दिसेल. नुसता झुबका तोडून उपयोग नाही, आत राहिलेल्या मुळांतून तो पुन्हा फुटतो. गाठीपासून खोडाच्या बाजूला साधारण एक फूट अंतर ठेवून, फळे पिकण्यापूर्वी, फांदीच कापावी लागते.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्या लाळेमुळे शेंड्याची पाने आखडून गुच्छ होतो, आणि गोड चिकट्यासाठी मुंग्यांची रांग लागते. (मुंग्या दिसल्या की पान उलटून पाहावेच.) असे शेंडे कापून नष्ट करावेत, बाकी झुडपावर निंबोळी तेल व साबणाचे पाणी फवारावे.

खोडातील पोकळीची भीतीही अनेकांना वाटते. मधले लाकूड तसेही मृत असते, पाणी कडेच्या लाकडातून चढते, त्यामुळे पोकळ झाडही जगते. बारीक डहाळी नखाने खरवडावी. आत हिरवे दिसले तर ती जिवंत. मात्र बुंध्याशी छत्रीसारखी कडक बुरशी उगवली, किंवा झाड कलू लागले, तर मुलांना लांब ठेवून जाणकाराला दाखवावे.

माझ्या मते आंब्याला सर्वात जास्त त्रास आहे तो बुंध्यापर्यंत घातलेल्या सिमेंटचा. मुळांना हवा आणि पाणी पोचत नाही. ज्या इंदूरमध्ये 1924 नंतर अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' विकसित केली, तिथल्या शाळेत वाळलेली पाने जाळली जावीत हे बरे दिसत नाही. सिमेंट चारी बाजूंनी निदान चार फूट फोडावे, तिथे हे खत घालावे, आणि कुऱ्हाडीचा विषय पुढचा पावसाळा पाहून मगच सभेपुढे आणावा, अशी माझी विनंती आहे.