युद्धापूर्वीचा इशारा : लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

कोल्हापूरहून बेळगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हिरण्यकेशीच्या काठी वसलेल्या संकेश्वरास सैनिकी पेशाचे नवल नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे या मुलखात पेन्शनीवर आलेले सुभेदार-हवालदार गावोगाव भेटतात आणि त्यांच्या तोंडून पराक्रमाच्या कथाही उदंड ऐकावयास मिळतात. परंतु खड्ग म्यान केल्यावर लेखणी हाती घेऊन स्वतःच्याच सरकारच्या युद्धनीतीची निःस्पृहपणे चिकित्सा करणारा अधिकारी विरळा. करवीर संस्थानातील वडगावी १९०६ साली जन्मलेले शंकरराव थोरात हे त्या विरळांपैकी एक होत.

इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात शिक्षण घेऊन १९२६ साली ते अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत ज्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी हिंदी अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली होत्या, तीत पुढे सरसेनापती झालेले थिमय्या आणि सेन या अधिकाऱ्यांच्या जोडीने थोरातही होते, आणि तिघांनाही 'डी. एस. ओ.' हा युद्धातील कामगिरीचा बहुमान लाभला. पुढे १९५३-५४ साली कोरियातील युद्धकैद्यांच्या रखवालीसाठी गेलेल्या भारतीय फौजेचे आधिपत्य त्यांनी केले. प्रक्षुब्ध कैद्यांच्या छावण्यांत शस्त्रापेक्षा संयमच अधिक कामी येतो, याचा प्रत्यय त्यांना तेथे आला.

त्यांची खरी थोरवी मात्र मला पूर्व विभागाच्या सेनापतिपदाच्या काळात दिसते. १९५९ साली त्यांनी वरिष्ठांकडे धाडलेल्या अहवालाचे सार असे की, चीनलगतच्या, रस्ते नसलेल्या दुर्गम मॅकमहोन रेषेवर जागोजाग ठाणी मांडून तीच लढवीत बसणे व्यर्थ होय. सीमेवरील ठाण्यांनी शत्रूची चाहूल द्यावी, त्याला विलंब लावावा, आणि निर्णायक झुंज मागे, जेथे आपली रसद सुखाने पोहोचते व शत्रूची रसदवाट लांबत जाते, अशा ठिकाणी द्यावी. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे 'लाल किल्ला' या नावाने सरावाच्या रूपाने हा विचार त्यांनी सेनाधिकाऱ्यांपुढे तपशीलवार मांडला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो पटला नाही. थिमय्यांनंतरचे सरसेनापतिपदही थोरातांना न मिळता जनरल थापरांकडे गेले, आणि १९६१ साली थोरात निवृत्त झाले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी आक्रमण झाले आणि पुढील महिन्यात याच पूर्व सीमेवरील से ला व बोमडिला ही ठिकाणे हातची गेली.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. त्यांचे 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' हे इंग्रजी आत्मचरित्र १९८६ साली निघाले आणि त्यात अहवालाची ही सारी हकीकत आली. पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने दप्तराबाहेर कधीच अधिकृतपणे काढला नसल्याने, अशा अधिकाऱ्याच्या साक्षीचे मोल फार मोठे आहे. तथापि अशी साक्ष लोकांपुढे येण्यास विलंब होणे, ही राष्ट्राची हानी होय असे माझे स्पष्ट मत आहे. सेवेतील अधिकाऱ्यास शिस्तीचे बंधन असते हे खरे, पण निवृत्तीनंतर मौन दीर्घकाळ राहावयास नको. १९६२ च्या त्या पराभवाची मीमांसा मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी 'न सांगण्याजोगी गोष्ट' या ग्रंथात मराठीतून केली, तेव्हा मराठी वाचकाला हा विषय आपल्या भाषेत समजून घेण्याची सोय झाली.

संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यातील निवृत्त अधिकाऱ्यांना म्हणून माझी कळकळीची विनंती आहे : आपण जे पाहिले, जे चुकले असे वाटले, ते मराठीत लिहून काढा, आणि स्मृती ताजी आहे तोवरच लिहा.