केलगेरीहून बदामीची लेणी

धारवाडच्या केलगेरी तलावावरून सकाळी लवकर निघालं, तर हुबळी-नरगुंद मार्गे उन्हं चढायच्या आत बदामी गाठता येते. सोलापूरकरांना गदगच्या गाडीने थेट बदामी स्टेशनात उतरता येतं. गाव तिथून पाचेक किलोमीटरवर.

तांबड्या वालुकाश्मात कोरलेली लेणी चार. पहिल्यात अठरा हातांचा नटराज. हातांच्या जोड्या जुळवून गाइड 81 मुद्रा मोजून दाखवतो. घाई असेल तर बाकीचं धावत पाहा, पण तिसऱ्या लेण्यात थांबाच. चालुक्य मंगलेशाने ते विष्णूसाठी कोरवलं. शिलालेखात शके 500, म्हणजे इ.स. 578, अशी तारीखच आहे. आपल्याकडच्या किती लेण्यांना असा जन्मदाखला आहे? तिथल्याच कन्नड लेखात माळा गुंफणाऱ्यांना दिलेल्या दानाची नोंद आहे.

खालचा तलाव अगस्त्यांचा. वातापी राक्षसाला त्यांनी इथेच पचवलं म्हणतात. पुढे 642 च्या सुमारास पल्लव नरसिंहवर्म्याने हीच वातापी, म्हणजे बदामी, जिंकून 'वातापिकोंड' बिरुद मिरवलं. लेण्यांवरचा किल्ला 1786 मध्ये मराठे आणि निजामाने टिपूकडून घेतला.

खाऊची पिशवी मात्र गाडीतच ठेवा. माकडं तिकीट विचारत नाहीत, थेट झडती घेतात.