सकाळच्या पाळीची नदी

मे महिन्यात शिर्डीहून कोपरगावला गेलात आणि गोदावरीच्या पुलावरून खाली पाहिलंत, तर पात्रात पाण्यापेक्षा दगडच जास्त दिसतात. त्याच दिवसांत रायगड जिल्ह्यात कोलाडजवळची कुंडलिका सकाळी फेसाळत येते आणि रबरी राफ्टमध्ये बसलेली माणसं आरडाओरडा करत तिच्यावरून खाली जातात. आभाळात एक ढग नसतो. मग एवढं पाणी येतं कुठून?

राफ्ट उतरवतात साजे गावाजवळ. लवकर पोहोचलात तर काळे खडक उघडेच असतात. मग पाणी चढू लागतं, खडक एकेक करून बुडतात आणि गाइड मंडळींची धावपळ सुरू होते. वर रावळज्याच्या वीजघरातून पाणी सुटलेलं असतं. कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या राहात्याच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. फक्त इथलं आवर्तन रोजचं, आणि पिकासाठी नव्हे तर विजेसाठी. ते चुकलं की राफ्टिंगही चुकलं.

खरी गंमत आणखी वर आहे. रावळज्याला पाणी येतं भिऱ्याच्या टाटांच्या वीजघरातून, जे १९२७ पासून चालू आहे. आणि भिऱ्याला येतं मुळशी धरणातून, म्हणजे मुळा नदीचं. (आपल्या नगरची मुळा वेगळी, ती प्रवरेला मिळते.) ही मुळा पुण्यात मुठेला भेटून भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाणारी. तिला अडवून, बोगद्यातून घाटाच्या कडेला आणून सुमारे ५०० मीटर खाली सोडलं, मुंबईला वीज मिळावी म्हणून. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. गावं बुडाली ती बुडालीच. पूर्वेचं ते पाणी आता रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं आणि वाटेत आपल्याला हेलकावे देतं.

मागे बसलेला गाइड त्या खळखळाटात काय बघत असतो? दोन खडकांमधून पाणी निसटतं तिथे एक गुळगुळीत, काळसर त्रिकोण तयार होतो. त्याचं टोक खालच्या अंगाला असेल तर वाट मोकळी. टोक आपल्यावर रोखलेलं असेल तर तिथे पाण्याखाली दगड दबा धरून आहे. मोठ्या खडकाच्या आडोशाला तर पाणी चक्क उलटं, वरच्या दिशेला वाहतं. कयाकवाला त्यात शिरून आरामात थांबतो आणि पाण्यात पडलेल्यांवर नजर ठेवतो. पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढे, आणि कितीही वाटलं तरी उभं राहायचं नाही. खडकांच्या फटीत पाय अडकला की मागचं पाणी माणसाला आडवं करून दाबून धरतं.

डोंगर ओलांडणारं पाणी आपल्या जिल्ह्यातही आहे, अकोले तालुक्यात घाटघरला. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प विजेची मागणी वाढली की प्रवरा खोऱ्यातलं पाणी कोकणच्या बाजूला शहापूर तालुक्यातल्या धरणात सोडतो आणि मागणी उतरली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी परत वर चढवतो! राफ्ट मात्र तिथे टाकता येणार नाही. हा सगळा प्रवास डोंगराच्या पोटातून होतो.