संस्कृताचे प्राध्यापक आणि रणजी करंडक

गेल्या आश्विनांत आमच्या जामनेरच्या घरांत एका बॅटीवरून दोन तट पडले. धाकट्या बंधूंचा नातू नववींत आहे. जळगांवीं मुलांच्या संघाची निवड व्हावयाची होती आणि नेमक्या त्याच आठवड्यांत त्याची सहामाही परीक्षा. घरांतील वडील या नात्यानें मीं निर्णय दिला, बॅट उचलून माळ्यावर ठेवली आणि शिडी काढून घेतली. छत्तीस वर्षें शाळेंत जें वाक्य मीं पालकांस ऐकविलें, तेंच घरींही ऐकविलें: खेळानें पोट भरत नाहीं, उलट विद्या मात्र जाते.

मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्याची आजी पानें वाढतां वाढतां सहज म्हणाली, "दादा, ते पुण्याचे देवधर आपल्यासारखे संस्कृतच शिकवीत ना?" मीं उत्तर दिलें नाहीं, पण प्रश्न मनांतून जाईना. म्हणून त्या गृहस्थांच्या दोन हंगामांची हकीकत पुन्हा काढून वाचली. तीच वाचकांपुढें ठेवितों.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजीं झाला. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत ते संस्कृताचे प्राध्यापक होते. १९२६ सालीं गिलिगन यांच्या इंग्रज संघाविरुद्ध मुंबईस त्यांनीं १४८ धावा काढल्या. भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ सालीं लॉर्ड्सवर झाला, तेव्हां त्यांनीं चाळिशी गांठली होती. त्यांची निवड झाली नाहीं, आणि पुढेंही एकही अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वांट्यास आला नाहीं. दुसरा एखादा गृहस्थ येथेंच बॅट खुंटीस टांगून बसला असता.

१९३४-३५ सालीं रणजी करंडकाचे सामने सुरू झाले. त्या काळीं बाद पद्धत होती: एक सामना हरला कीं हंगाम संपला. देशाचे चार विभाग केलेले असत; आपला विभाग जिंकणारा संघ उपांत्य सामन्यास जाई. सामना पुरा झाला नाहीं, तर पहिल्या डावांत ज्याच्या धावा अधिक, तो पुढें जाई. महाराष्ट्राचा संघ पश्चिम विभागांत, आणि त्याच विभागांत पहिले दोन्ही करंडक पटकावणारी मुंबई!

१९३९-४० च्या हंगामांत महाराष्ट्राचे कर्णधार देवधर अठ्ठेचाळिशीच्या घरांत होते. विजय हजारे चोवीस वर्षांचे, रंगा सोहोनी एकवीस वर्षांचे; म्हणजे कर्णधार आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांत खेळत होता. त्या हंगामांत हजारे यांनीं बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत भारतीय फलंदाजाचें तें पहिलें त्रिशतक. अंतिम सामन्यांत पुण्यास संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव झाला आणि करंडक महाराष्ट्रांत आला.

पुढचा हंगाम याहून कठीण गेला. मुंबईनें पहिल्या डावांत ६५० धावा केल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेले देवधर खेळावयास उतरले आणि एकट्यानें २४६ धावा काढून परतले. महाराष्ट्राच्या ६७५ झाल्या. अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढें गेला आणि अंतिम सामन्यांत मद्रासला मद्रासवरच सहा गडी राखून हरवून त्यानें करंडक राखला.

त्याच १९४० च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील व्यावसायिक फुटबॉलचाही अंतिम सामना झाला. तेथील फुटबॉल निराळा. चेंडू लांबट असतो व तो बहुधा हातांनींच नेतात. शिकागोच्या संघानें वॉशिंग्टनच्या संघास ७३ विरुद्ध ० असें लोळविलें. तेथें खेळाडूंस खेळण्याचें वेतन मिळे. देवधरांचा चरितार्थ चालला तो मात्र वर्गावर, आणि हजारे पुढें बडोदा संस्थानच्या सेवेंत गेले. तेव्हां 'खेळानें पोट भरत नाहीं' हें माझें वाक्य त्या काळापुरतें खरें होतें. त्यावरून मीं काढलेलें अनुमान मात्र खोटें होतें. 'जेथें खेळ, तेथें विद्येची हानि' अशी व्याप्ति मीं मनांत धरली होती. न्यायशास्त्र जाणणाऱ्यास सांगावयास नको कीं, व्याप्ति मोडण्यास एकच उदाहरण पुरतें.

प्रत्येक मुलगा देवधर होत नाहीं, हें मी विसरलों नाहीं. खुद्द महाराष्ट्राचा संघ त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ या तिन्ही हंगामांत अंतिम सामन्यापर्यंत जाऊन रिकाम्या हातानें परतला. करंडक दुर्मिळच. पण देवधरांनीं १९४४ सालीं, बावन्नाव्या वर्षीं, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें केलीं. आणि १९९३ सालीं ते वारले तेव्हां त्यांचें वय १०१ वर्षांचें होतें. शरीर व बुद्धि या दोहोंची अशी मशागत आम्हां शिक्षकांपैकीं किती जणांनीं केली?

मीं शिडी लावून बॅट खालीं काढली. तोंवर जळगांवची निवड होऊन गेली होती. त्या मुलाचें एक वर्ष मीं घालविलें, हें येथें स्पष्ट लिहितों. परीक्षेंत त्यास गुण बरे मिळाले. पण ते बॅट माळ्यावर होती म्हणून मिळाले, असें मला म्हणवत नाहीं.

'अभ्यास' हा शब्द मीं जन्मभर फळ्यावर लिहिला. त्यांतील 'अस्' धातूचा अर्थ फेंकणें, हें मुलांस कधीं सांगितलें नाहीं. आतां आमच्या घरीं सकाळीं तास-दीड तास पुस्तकांचा आणि सायंकाळीं तितकाच अंगणांतला. सायंकाळीं चेंडू टाकावयास दुसरें कोणी नसलें म्हणजे मी टाकतों. बहुतेक चेंडू तो तुळशीवृंदावनापलीकडे धाडतो, आणि आणावयास मलाच जावें लागतें.