सोमवारी पोट बिघडलं, म्हणून रविवारचा गाडा दोषी?

कराडच्या विद्यानगरात सोमवारी कुणी वर्गाला आलं नाही, की कारण न विचारताच सांगितलं जातं : ‘काल गाड्यावर खाल्लं, बाधलं.’ रूम पार्टनर हेच म्हणतो, खोली भाड्याने देणाऱ्या काकू हेच म्हणतात आणि गावाकडून फोनवर आईही हेच म्हणते. पुढचा आठवडाभर त्या गाड्याकडे कुणी फिरकत नाही. मेसचा डबा मात्र चालूच राहतो, खोलीतला पाण्याचा जारही तोच राहतो. चार कॉलेजं एकत्र असलेल्या कुठल्याही गावात हेच ऐकू येतं. ऐकून त्रास होतो, कारण या चुकीच्या निदानामुळे तीच मुलं पुन्हा आजारी पडतात.

आधी वेळापत्रक पाहा. बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात. मसालेभात असतो, एखादं गोड असतं. संध्याकाळी मेस बंद असते. मग सगळं होस्टेल बाहेर जेवतं : अंडाभुर्जी, पावभाजी, शेजवान राइस, नाहीतर हायवेच्या ढाब्यावर अख्खा मसूर. म्हणजे सोमवारी कुणाचंही पोट कशानेही बिघडलं, तरी शेवटचं जेवण बाहेरचंच निघणार. गाड्याविरुद्ध पुरावा म्हणून जे सांगितलं जातं, ते फक्त मेसच्या सुट्टीचं वेळापत्रक आहे.

शेवटचं खाल्लं तेच बाधलं, हे गृहीतकच टिकत नाही. अन्नातून होणाऱ्या प्रत्येक आजाराला लक्षणं दिसेपर्यंत आपापला वेळ लागतो. अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या रोगनियंत्रण संस्थेने दिलेले आकडेच बघा. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचं विष पोटात गेलं तर अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या सुरू होतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सला 6 ते 24 तास लागतात. साल्मोनेला 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत कधीही त्रास देऊ शकतो. कॅम्पिलोबॅक्टरला 2 ते 5 दिवस लागतात. म्हणजे सोमवारच्या जुलाबांचं मूळ गुरुवारच्या डब्यात असू शकतं, आणि गुरुवारी काय खाल्लं हे सोमवारी कुणाला आठवत नाही.

काविळीच्या बाबतीत तर हा तर्क पारच कोसळतो. हिपॅटायटिस ए ची लक्षणं 15 ते 50 दिवसांनी दिसतात, हिपॅटायटिस ई ची जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे 2 ते 10 आठवड्यांनी. डोळे पिवळे झाल्यावर ‘परवा उसाचा रस प्यायलो होतो’ असं सांगणाऱ्या मुलाचा हिशोब कित्येक दिवसांनी चुकलेला असतो. इचलकरंजीत 2012 मध्ये काविळीची मोठी साथ आली, ती पाण्यातून पसरलेल्या हिपॅटायटिस ई ची होती. पुण्यात जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा चिकन आणि पनीर यांच्याकडेही बोट दाखवलं गेलं. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला आणि त्या भागातल्या पाण्याची तपासणी करावी लागली. आपण मात्र प्लेटकडे पाहत राहतो आणि शेजारच्या ग्लासकडे लक्ष देत नाही.

मग गाडा निर्दोष असतो का? तसंही नाही. दोष ठरवायचा असेल तर आजारी मुलांइतकंच ठणठणीत मुलांनाही विचारावं लागतं, आणि हे कुणीच करत नाही. गाड्यावर खाल्लेल्यांपैकी किती आजारी पडले? गाड्यावर न गेलेल्यांपैकी किती? मेसचा मसालेभात खाल्लेल्यांपैकी किती, आणि रविवारी गावी गेल्यामुळे तो न खाल्लेल्यांपैकी किती? साथीचा तपास करणारे आरोग्य अधिकारी हेच चार प्रश्न विचारतात. होस्टेलच्या एका मजल्यावर कागद फिरवला तरी अर्ध्या तासात चित्र दिसू लागतं. गाड्यावर गेलेले आणि न गेलेले सारख्याच प्रमाणात आजारी असतील, तर गाडा सोडा आणि पाण्याकडे किंवा मेसकडे वळा.

मेसवरचा संशय टाळण्यामागे दुसरा एक समज असतो : ‘तिथलं अन्न उकळलेलं असतं, आणि गरम करून दिलं की काही होत नाही.’ हा समज जास्त धोक्याचा आहे. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. शिजलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून तासन्‌तास कोमट राहिला, की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या करणारं विष तयार करतात. ते विष उष्णतेने नाहीसं होत नाही. म्हणून दुपारच्या भाताला रात्री कितीही खमंग फोडणी दिली, तरी एकदा तयार झालेलं विष तसंच राहतं. परफ्रिंजन्सचे बीजाणूही शिजवून मरत नाहीत : मोठ्या भांड्यात सावकाश निवणारी आमटी, उसळ किंवा रस्सा त्याला मानवतो. अन्न गरम ठेवायचं तर 60 अंश सेल्सिअसच्या वर, आणि थंड ठेवायचं तर 5 अंशांच्या खाली, हा नियम यासाठीच आहे. रविवारच्या फीस्टचा भात डब्यात भरून खोलीवर नेणं आणि रात्री नऊला खाणं, याला ‘घरच्यासारखं, सुरक्षित’ म्हणणं थांबवायला हवं.

यातूनच कुठे खावं याचं उत्तर निघतं. पाटीपेक्षा पदार्थ बघा. डोळ्यांसमोर तव्यावर तापलेली, हातात आली तेव्हा वाफाळती असलेली भुर्जी ही तीन तास कोमट राहिलेल्या मेसच्या भातापेक्षा बरी. पण त्याच गाड्यावरची सकाळपासून उघडी असलेली ओली चटणी, चिरून ठेवलेला कांदा आणि एकाच बादलीत दिवसभर बुचकळलेल्या प्लेटा टाळा. मेसमध्येही गरम गरम तव्यावरची पोळी बिनधास्त खा, ताकात बर्फ कुठला आहे हे मात्र विचारा.

बर्फावरून आठवलं. थंडीने जंतू मरतात हे खोटं आहे, गोठून ते जिवंत राहू शकतात. महाराष्ट्रात 2018 पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे, त्यामुळे निळसर बर्फ सरबतात दिसला तर ग्लास परत करा. थंडगार जार म्हणजे शुद्ध पाणी असंही नाही.

असे आणखीही समज आहेत. ‘मेसवाले भातात सोडा घालतात म्हणून भूक मरते’ हे प्रत्येक होस्टेलमध्ये ऐकू येतं. जेवणात भूक मारण्याइतका सोडा घातला तर पहिल्याच घासाला साबणासारखी चव लागेल. लिंबू पिळल्याने किंवा कांदा खाल्ल्याने दूषित अन्न शुद्ध होत नाही. गाड्यावरच्या गर्दीमुळे माल ताजा राहण्याची शक्यता वाढते, पण हात धुतले जातात असं नाही. भिंतीवरचा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा अंकी क्रमांक असायलाच हवा, पण तो आजच्या पातेल्याची हमी देत नाही. वडापाव वर्तमानपत्रात बांधून घेणं ही चांगली जुनी पद्धत नाही. छपाईची शाई तेलात उतरते, म्हणून याच प्राधिकरणाने त्यावर बंदी घातली आहे. स्टीलच्या ताटलीत द्या म्हणावं.

एकाच ठिकाणी जेवलेली चार-पाच मुलं एकदम आजारी पडली, तर डॉक्टरांना आदल्या रात्रीचंच नव्हे, तीन-चार दिवसांचं खाणं आणि पाणी कुठलं होतं ते सांगा. कावीळ असेल तर मागचे दोन-अडीच महिने आठवा. अँटिबायोटिक घेण्याआधी शौचाचा नमुना देता येईल का, हे विचारा. उरलेलं अन्न फेकू नका, झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायत हद्दीत असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लोकांना कळवा. खाण्याच्या जागेविषयीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. त्या तक्रारीत कोण आजारी पडलं याच्या शेजारी, तेच खाऊन कोण आजारी पडलं नाही, हेही लिहा.