बीसीयूडीची जाहिरात आली का?

प्रवेशाची गर्दी ओसरली की आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास विचारायचं, "बीसीयूडीची जाहिरात आली का?" विचारणारा बहुधा नवा असे. जुने नुसते मान हलवत. काहींचा मागच्या प्रकल्पाचा हिशेबच अजून मिटलेला नसे.

बीसीयूडी म्हणजे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने आलेलं. पूर्ण नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. पुणे विद्यापीठाचं हे मंडळ संलग्न महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना संशोधनासाठी छोटं अनुदान द्यायचं. रक्कम एखाद-दोन लाखांची, पुष्कळदा त्याहून कमी, आणि मुदत दोन वर्षं. दिल्लीच्या किंवा मुंबईच्या मोठ्या संस्थेत एवढ्या पैशात एखाद्या यंत्राचा सुटा भाग येतो. सटाण्यात एवढ्या पैशात माणूस दोन वर्षं आपलाच तालुका नव्याने पाहू शकत होता.

आमचं बागलाण, म्हणजे सटाणा तालुका, पुणे विद्यापीठात कसं, हा प्रश्न बाहेरच्याला पडतो. इथली बोली अहिराणी, सोयरीक-संबंध साक्री-धुळ्याकडे, बाजारहाट मालेगावला. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं तेव्हा धुळं तिकडे गेलं आणि नाशिक जिल्हा पुण्याकडेच राहिला. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या नकाशात सटाणा म्हणजे पार वरचा कोपरा. देवळा, भावडबारी, सोग्रस फाटा, नाशिक आणि मग पुणे, असा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता. मुलाखतीला जायचं तर रात्रीची गाडी धरायची, पहाटे शिवाजीनगरला उतरायचं, तिथेच तोंड धुऊन गणेशखिंड गाठायची.

मी भूगोलाचा. पहिला अर्ज २००८ साली केला. विषय फडाचा. तापी खोऱ्यातल्या पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून बंधारे बांधून पाटाने पाणी नेण्याची रीत आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दर वर्षी पीक फडाफडांतून फिरवायचं. त्यामुळे ऊस एका ठिकाणी, बाजरी-गहू दुसरीकडे, आणि पाण्याचा हिशेब सोपा. जवळपास प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात, म्हणून कुणाचं कायमचं भलं नाही की कायमचं वाईटही नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. शेतकऱ्याने स्वतः दारं धरायची नाहीत, हा यातला सगळ्यात शहाणा नियम. ज्याचं पीक सुकतंय त्याच्या हातात फावडं दिलं की काय होतं, हे ती माणसं ओळखून होती.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. गावात वीज असेल तेव्हा इंटरनेट नसे आणि इंटरनेट आलं की वीज जाई. प्रस्तावाचं शीर्षक, उद्दिष्टं, पूर्वसंशोधनाचा आढावा, पद्धती आणि अंदाजपत्रक. अंदाजपत्रकात मी पहिल्यांदाच 'हेड' हा शब्द पैशाच्या अर्थाने शिकलो. उपकरणं, पुस्तकं, प्रवास, किरकोळ खर्च. एका हेडमधला रुपया दुसऱ्या हेडमध्ये परवानगीशिवाय जात नाही. फडातलं पाणी जसं पाटकऱ्याशिवाय वळत नाही, तसंच.

सादरीकरणाला दहाएक मिनिटं मिळाली. मी बंधाऱ्यांचे फोटो दाखवले, शिवकाळ सांगितला, साल्हेरची लढाईही ओढून आणली. समितीतल्या एका ज्येष्ठांनी शांतपणे विचारलं, "फडावर इंजिनिअरांनी लिहून झालंय, समाजशास्त्राच्या लोकांनीही लिहिलंय. भूगोलाचा माणूस वेगळं काय सांगणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "आमच्या गावचं आहे म्हणून," हे मनात आलं, पण ते म्हणायची ती जागा नव्हती. परतीच्या गाडीत नारायणगावपर्यंत त्या प्रश्नावर चिडलो, आणि नाशिक यायच्या आत तो प्रश्न पटला. केळझर धरण झालं, विहिरी झाल्या, डाळिंब आलं. मग आज कुठला फड पाटावर जगतोय, कुठला विहिरीवर गेलाय आणि कुठला नुसता सातबाऱ्यावर उरलाय, याचा नकाशा कुणी केला होता? पुढच्या फेरीत मी तेवढंच मांडलं. दीड लाख मागितले होते, लाखाच्या आत मंजूर झाले. तरी मंजुरीचं पत्र मी घरी वाचून दाखवलं. पैसे आपल्याला मिळणार नाहीत हे कळल्यावर घरच्यांचा उत्साह मावळला.

खरंच, पैसे प्राध्यापकाला मिळत नाहीत. ते प्राचार्यांच्या नावे येतात, पहिला हप्ता आधी, उरलेला प्रगती अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावर. मधल्या काळात तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची सही, डेडस्टॉक रजिस्टरात नोंद. सटाण्यात कापडाची तीन दुकानं समोरासमोर सापडतील, जीपीएसचं एकही नव्हतं. त्या एका डबीसाठी नाशिकला चार फेऱ्या झाल्या आणि नकाशांसाठी पुण्याला एक. जीपवाल्याकडे पावतीबुक नसतं. बांधावरच्या चहाला बिल नसतं. अंदाजपत्रकात हे कुठे लिहायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही. प्रवासाचं हेड वर्षभरातच संपलं आणि पुढचे चार हजार खिशातून गेले. चूक माझी. हेडबदलाची परवानगी मागता येते, हे मला प्रकल्प संपल्यावर कळलं.

पण ती दोन वर्षं! डांगसौंदाण्याकडच्या एका म्हाताऱ्या पाटकऱ्याने माझा नकाशा उलटा धरून पाहिला आणि बोट ठेवून सांगितलं की ही चारी इथे नाही, दोन शेतं वर आहे. जीपीएस त्याच्या बाजूने निघालं. मग तो म्हणाला, "सर, पानीना कागद करीसन तुमले काय करनं शे?" मी प्रबंध, अहवाल, विद्यापीठ असं काहीबाही सांगितलं. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी मला आणखी तीन चाऱ्या दाखवल्या. मोसमच्या काठाने मुल्हेर, ताहराबाद, जायखेडा, नामपूर असा खाली उतरत गेलो तसं फडाचं चित्र विरत गेलं. हरणबारी धरणाच्या पाण्यानं काही बदललं, विजेच्या पंपानं जास्त. शेतकऱ्याला स्वतःचं बटण मिळालं आणि सामाईक पाटाची गरज संपली. माझ्या अहवालातलं बरं वाक्य तेवढंच होतं, आणि तेही त्या म्हाताऱ्याच्याच बोलण्यातून आलं होतं.

त्याच सुमाराला पलीकडच्या धुळे जिल्ह्यातला एक प्राध्यापक पांझरेवर हेच काम करत होता. पद्धत तीच, शब्द तेच, फक्त त्याचं विद्यापीठ जळगावचं आणि माझं पुण्याचं. चर्चासत्रात जेवणाच्या रांगेत भेट झाली तेव्हा दोघांचे अहवाल छापून झाले होते. एकत्र अर्ज करता येईल असा रकाना दोघांच्याही फॉर्मात आम्हांला दिसला नव्हता.

आमचे वनस्पतीशास्त्रवाले तेल्या रोगावर काम करत. डाळिंबाच्या बागा तेल्यानं काळवंडत होत्या, माणसं झाडं उपटून जाळत होती. सोलापुरात २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आलं होतं. त्यांच्या साधनांपुढे आमच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशा काय? पण शेतकरी पान घेऊन यायचा तो आमच्याकडे, कारण सटाण्याच्या स्टँडवरून चालत येता येत होतं.

छोट्या अनुदानाची दुसरी वाट यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची होती. अकराव्या पंचवार्षिक योजनेत लघुशोध प्रकल्पाला विज्ञानात दोन लाख, मानव्यविद्येत दीड लाखापर्यंत मिळत. बाराव्या योजनेत ते पाच आणि तीन लाख झाले. कार्यालय पुण्यातच, पण दिल्लीचा वारा असलेलं. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज टाकणारे बहाद्दर होते. त्यांचं मी कौतुकही केलं आहे आणि हेवाही.

मग २०१० चे यूजीसीचे नियम आले आणि त्यांच्यासोबत एपीआय, म्हणजे पदोन्नतीसाठी मोजायचे गुण. लघु प्रकल्पाला १० गुण. स्टाफरूममधला प्रश्न तोच राहिला, सूर बदलला. "विषय काय घेतलास?" ऐवजी "किती मंजूर झाले?" ऐकू येऊ लागलं. ज्यांनी आयुष्यात कधी काही शोधायची इच्छा दाखवली नव्हती, तेही शीर्षकं जुळवू लागले. मी त्यांना हसायचो. नंतर पदोन्नतीचा फॉर्म माझ्याही टेबलावर आला आणि २०१२ साली मी लोकसंख्येवर एक प्रकल्प टाकला. २००१ आणि २०११ च्या जनगणनेचे आकडे समोरासमोर ठेवून, खुर्चीतून न उठता. तो वेळेत संपला, हिशेब पैशाला पैसा जुळला आणि गुण मिळाले. त्यातलं एकही वाक्य आज मला आठवत नाही. तरीही गुणांमुळे संशोधन बिघडलं असं सरळ म्हणायला मी तयार नाही. आमच्यातले दोघं-तिघं गुणांसाठी सुरुवात करून खरोखर कामाला लागले. आळशी माणसाला कुणीतरी ढकलावं लागतं, मीही त्यातलाच.

२०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. लेटरहेड बदलले, शिक्के बदलले.

खरा बदल मार्च २०१७ मध्ये झाला. १ मार्चला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा अमलात आला आणि त्यात बीसीयूडी उरलं नाही. त्याचं काम अधिष्ठात्यांमध्ये आणि नव्या मंडळांमध्ये वाटलं गेलं. ३१ मार्चला बारावी पंचवार्षिक योजना संपली. योजना आयोग त्याआधीच गेला होता, त्यामुळे तेरावी आलीच नाही, आणि यूजीसीच्या लघुशोध प्रकल्पांची दारंही मिटली. एकाच महिन्याच्या दोन टोकांना आमचे दोन्ही पाट आटले, आणि गंमत अशी की त्या महिन्यात आम्ही सगळे बारावीच्या आणि विद्यापीठाच्या परीक्षांच्या सुपरव्हिजनमध्ये होतो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मंडळ गेलं तरी लॉगिनच्या पत्त्यात 'बीसीयूडी' ही अक्षरं पुढे कितीतरी वर्षं राहिली, आणि नवी मुलंही "बीसीयूडीला प्रोफाइल भरलंस का?" असंच विचारत. याचा अर्थ काय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पूर्ण दुष्काळ पडला असं नाही. विद्यापीठाची 'अस्पायर'सारखी योजना आली, राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ पासून चालू असलेला 'आविष्कार' चालूच आहे. २०१८ च्या नियमांत दहा लाखांच्या आतल्या पूर्ण प्रकल्पाला ५ गुण उरले. २०२३ साली संसदेने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला, पाच वर्षांत ५० हजार कोटींची भाषा झाली. त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यायचा आहे. मोठी संस्था मध्यभागी आणि लहान संस्था तिच्या भोवती, अशी त्यातल्या एका योजनेची रचना आहे. चाकाच्या आऱ्याला रस्ता दिसतो हे खरं, पण चाक कुठे वळायचं ते त्याला कुणी विचारत नाही. मला अजूनही वाटतं की एका माणसाला एक कोटी देण्याआधी शंभर तालुक्यांत एकेक लाख देऊन पाहावं. त्यातले साठ वाया जातील. माझा दुसरा त्या साठातला होता.

मराठा विद्या प्रसारक समाजाने १९१४ पासून नाशिक जिल्ह्यात शाळा-महाविद्यालयं उभी केली, आणि सटाण्यालाही शिकायची सोय झाली, तेव्हा शेतकऱ्याचा मुलगा प्राध्यापक होईल एवढंच स्वप्न असणार. प्राध्यापक झालेल्या त्या मुलाने परत बांधावर जाऊन प्रश्न विचारावा, ही पुढची पायरी. तिचा खर्च कुणी करायचा हे अजून ठरतंय.

गेल्या वर्षी निवृत्तीनंतर कपाट रिकामं करताना फडाची फाइल निघाली. पहिल्या वर्षाची एसटीची तिकिटं जुन्या पद्धतीची, कागदी, भोकं पाडलेली, आजही वाचता येतात. दुसऱ्या वर्षी वाहकाच्या हातात मशीन आलं होतं. ती तिकिटं मी कोऱ्या कागदावर ओळीने नीट चिकटवली होती, झेरॉक्स मात्र काढली नव्हती. शाई उडून गेली आहे. पान भरून पांढरे तुकडे, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने माझ्या अक्षरात: केळझर. डांगसौंदाणे. केळझर. नामपूर. शेवटच्या दोनांखाली काही लिहिलेलंच नाही.